मुंगसाचे इंग्रजी बिऱ्हाड

आळंद तालुक्यातील निंबर्ग्यास वाटेत मुंगूस आडवे गेले, तर मराठी माणूस त्यास मुंगूस म्हणतो आणि कन्नड शेजारी 'मुंगुसी'. पूर्वेस तेलुगू मुलखात 'मुंगिस' ऐकू येते. गोमंतकाच्या कोंकणीतही ते मुंगूसच. इंग्रजीतील 'माँगूस' हा शब्द याच गोतातला. परंतु तो यांपैकी कोणत्या घरातून गेला, याविषयी कोशकारांत मतभेद आहे.

यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशाने तो मान तेलुगूस दिला. ऑक्सफर्डच्या कोशाने मराठीस. डॉ. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या, १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द आढळतो. हा गृहस्थ १६७३ मध्ये प्रथम उतरला मच्छलीपट्टणास, म्हणजे तेलुगू मुलखातच. तथापि पुढील वास्तव्य मुंबई-सुरतेकडे. जुन्नर व कारवारही त्याने पाहिले. शिवाय शब्दाच्या शेवटचा 'ऊस' हा उच्चार मुंगिस वा मुंगुसीपेक्षा आपल्या मुंगसाशी अधिक जुळतो. म्हणून आमचा कौल मराठीस आहे.

मात्र मराठीने तरी तो कोठून आणला? महाभारतात युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात लोळणारा, अर्धे अंग सोन्याचे झालेला प्राणी 'नकुल' होय. हिंदीतील 'नेवला' त्याच नकुलापासून झाला. आपले मुंगूस त्या वंशातले नव्हे. प्राकृतात 'मंगुस' आहे, आणि कन्नडात नुसते 'मुंगी' म्हटले तरी मुंगूसच समजतात. (मराठी पाहुणा बिचारा पायाखाली पाहू लागेल!) तेव्हा आज सीमेच्या दोन्ही अंगांस वाटून गेलेल्या या मुलखात शब्दाची मूळ मालकी एकट्या मराठीकडे मागणे धाडसाचे ठरेल. इंग्रजांस तो मराठीने दिला असेल. मराठीस तो दख्खनच्या सामाईक भांडारातून मिळालेला दिसतो.

इंग्रजीत गेल्यावर त्याची थोडी फजितीच झाली. शेवटचा उच्चार त्यांच्या 'गूस', म्हणजे हंसजातीच्या पक्ष्याच्या नावासारखा; म्हणून लिहिण्याची रीतही त्या वळणावर गेली. त्या पक्ष्याचे अनेकवचन 'गीस' होते, म्हणून मुंगसांसही 'माँगीस' म्हणावे काय, असा पेच इंग्रजी बोलणारास अजूनही पडतो. कोश 'माँगूसेस' सांगतात. आपल्याकडे मुंगसास रामाची शपथ घालून तोंड दाखवावयास सांगणारे पोरही 'मुंगसे' असे बिनचूक म्हणते.