शालेय मुलांमधील अवधानदोष व अतिचंचलता : मापनाचा इतिहास आणि भिवपुरीचा संदर्भ

अवधानदोष व अतिचंचलता यांच्या मापनाचा इतिहास कर्जत तालुक्यातील भिवपुरी परिसराच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१९०२ मध्ये लंडन येथे जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन व्याख्यानांतून मांडले. १९६९ मध्ये कॉनर्स यांची शिक्षकांनी भरावयाची मापनश्रेणी प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात मात्र आरंभ बुद्धिमापनापासून झाला. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे मराठी व कन्नड रूपांतर केले. १९३७ मध्ये मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा यांसारख्या दोन ठिकाणी आढळलेली असावी लागतात. येथेच अडचण उद्भवते. या पट्ट्यातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. जून ते दिवाळी हा काळ जेमतेम पाच महिन्यांचा. त्यामुळे शिक्षकांचे निरीक्षण अपुरे राहते. शिवाय घरची बोली कातकरी वा ठाकरी आणि शाळेची भाषा प्रमाण मराठी असते. सूचना न समजणे म्हणजे अवधान नसणे नव्हे. उलटपक्षी, प्रत्येक चंचलतेचे खापर स्थलांतरावर फोडल्यास खरा दोष असलेले मूल उपचारांपासून वंचित राहते.

सारांश, प्रथम दृष्टी व श्रवण यांची तपासणी, नंतर बोलीभाषेतून पालकांची मुलाखत आणि भट्टीवरील वर्तनाची नोंद, या क्रमानेच येथील मूल्यमापन न्याय्य ठरेल.