वाळूची पेटी: नाव राहिले, वाळू गेली

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतून फेरफटका मारला, तर एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या पाटीवर ‘सँडब्लास्टिंग’ हा शब्द वाचायला मिळतो. आत कपाटाएवढी लोखंडी पेटी असते. समोर काचेची खिडकी, तिच्याखाली दोन गोल भोके आणि त्यांना आतल्या बाजूने जोडलेले लांब रबरी हातमोजे. कामगार बाहेर उभा राहून मोज्यांत हात घालतो आणि पायाने पेडल दाबतो. नोझलमधून हवेबरोबर सुटलेली कणी गंजलेल्या जॉबवर आदळते, आणि थोड्याच वेळात तो स्वच्छ, राखाडी दिसू लागतो. गंमत अशी, की या पेटीत वाळू असू नये. वाळूचे नाव घेऊन जन्मलेल्या या तंत्रातून वाळू का हद्दपार करावी लागली, हे पाहू.

आपल्याकडे जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावतात. खडबडीतपणा आला की दाणे पुन्हा भरडले जातात. धातूचेही तसेच. गंज आणि जुना रंग काढून पृष्ठभाग बारीक खडबडीत केला, तरच नवा रंग किंवा लेप घट्ट धरतो. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला. सातपूर, अंबडमध्ये यंत्रभागांचे कारखाने वाढले. अशा सर्व उद्योगांना पृष्ठभागाची ही तयारी लागतेच.

या तंत्राचे पेटंट १८७० मध्ये फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिलमनने घेतले. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला हा सेनाधिकारी हाडाचा संशोधक होता. वाळवंटी वाऱ्याने खिडक्यांच्या काचा धूसर झालेल्या पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. त्याने वाफेच्या किंवा हवेच्या झोताबरोबर वाळू फेकून काच, दगड आणि धातू कोरून दाखवले.

इतक्या लहान कणात एवढी ताकद कुठून येते? अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सुमारे ०.१७ मिलिग्रॅम वजनाचा असतो. सेकंदाला १०० मीटर वेगाने जाताना त्याची गतिज ऊर्जा जेमतेम एक सहस्रांश ज्यूल भरते, म्हणजे आगपेटीतली काडी मीटरभर उंचीवरून पडावी तेवढी. पण ही सारी ऊर्जा सुईच्या टोकाएवढ्या जागेवर आणि क्षणार्धात खर्च होते. शिवाय असे लाखो कण एकामागून एक येतात.

या आघातात गंज फुटतो, तसा कणही फुटतो. खरे संकट इथेच आहे. नेहमीची पांढरी वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ, आपली गारगोटी. तिचे पाच मायक्रॉनपेक्षा लहान तुकडे श्वासाबरोबर फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रात फुप्फुसात व्रणासारख्या गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. नुकत्याच फुटलेल्या कणांचे पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या अधिक क्रियाशील असल्याने ते जास्त घातक ठरतात. रोग बरा होत नाही, आणि क्षयाला वाट मोकळी होते. पाथरवटांच्या या दुखण्याची नोंद रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्येच केली होती. ‘सिलिकोसिस’ हे नाव मिलानच्या व्हिस्कोंटीने दिले असे मानतात, आणि त्याचेही साल १८७० सांगतात. टिलमनच्या पेटंटचेच साल!

तरीही वाळूचा वापर चालूच राहिला. ती स्वस्त होती आणि कुठेही मिळत होती. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत होता. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतील अशा झोतकामात वाळू वापरण्यास मनाई केली. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

पर्याय म्हणून पोलादी कणी, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणि काचेचे मणी आले. इथे विद्यार्थी हमखास विचारतील, की काचही सिलिकाचीच ना? खरे आहे, पण काचेतील अणूंची रचना स्फटिकासारखी नियमित नसते, आणि सिलिकोसिसला कारण होतो तो स्फटिकरूप सिलिका. नाशिकच्या काळ्या बेसाल्टमध्येही निम्मा सिलिका असतो, पण तो इतर खनिजांत बांधलेला असतो. कासार्डे, फोंडा परिसरातील सिलिका वाळू मात्र जवळजवळ शुद्ध क्वार्ट्‌झ आहे.

पेटीने दुसरी गोष्ट साधली. धूळ आत राहिली आणि माणूस बाहेर आला. पंख्याने आतली हवा सतत खेचली जाते. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो, आणि फट असली तरी बाहेरची हवा आत शिरते. मात्र मोजा फाटला किंवा धूळ गाळणारी पिशवी तुंबली, की हे गणित बिघडते. शिवाय टाक्या, पुलांच्या तुळया पेटीत मावत नाहीत. तिथे माणसालाच झोताशेजारी उभे राहावे लागते, आणि त्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे शिरस्त्राण हवे.

मी एका आवारात हे काम उघड्यावर चाललेले पाहिले. कामगाराच्या नाकावर रुमाल होता. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली रुमालाचा तुकडा ठेवून मुलांना दाखवा. विणीतली भोके पाच मायक्रॉनच्या कितीतरी पट मोठी दिसतील. यातली बरीच मुले उद्या आयटीआयमधून याच वसाहतींत जाणार आहेत. पेटीत काय भरले आहे, हे विचारण्याची सवय त्यांना वर्गातच लागायला हवी.