काचेच्या पेटीतले पोवळे का कोमेजते? कृष्णाकाठावरून एका जुन्या निदानाचा इतिहास

आजचा धागा जरा वाकड्या वाटेने जाणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. विषय आहे घरातल्या काचपेटीत ठेवलेले जिवंत प्रवाळ, आणि ते कोमेजू लागले तर दोष कुठे शोधावा, हा. इतिहासाच्या धाग्यात हे कशाला, असे कुणी विचारील. हा शोध पावणेदोनशे वर्षे चालू आहे, म्हणून. साताऱ्यात किंवा सांगलीत आज कुणी समुद्री पेटी मांडली आणि तिच्यातले पोवळे आक्रसू लागले, तर त्याने ज्या क्रमाने तपासणी करायची, तो क्रम बहुतांशी ह्या इतिहासाचाच क्रम आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आजीच्या माळेतले किंवा मंगळासाठी अंगठीत बसवलेले तांबडे पोवळे आपल्या समुद्रातले नव्हे. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येई. हिंदुस्थानातले लोक पोवळ्याला फार मोल देतात, हे पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही नोंदवले आहे. पुढे इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून पोवळे गोव्याला उतरे आणि त्याच्या बदल्यात हिरे परत जात. काचपेटीतली प्रवाळे निराळी. पण दोन्ही मुळात प्राणीच. दगडासारखा दिसणारा भाग म्हणजे त्या इवल्या प्राण्यांनी बांधलेले घर, आणि त्यावरची पातळ मांसल कातडी म्हणजे घरमालक. घर उभे असते, मालक आत मरत असतो, आणि पाहणाऱ्याला ते आठवडाभर उमगत नाही. सगळी अडचण इथून सुरू होते.

आता १८४६ सालात चला. साताऱ्याच्या गादीवर अप्पासाहेब ऊर्फ शहाजी महाराज आहेत. पदच्युत प्रतापसिंह महाराज काशीत दिवस कंठीत आहेत. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणून तीन वर्षे लोटली आहेत. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अ‍ॅना थिन नावाची एक इंग्रज बाई टॉर्की गावच्या किनाऱ्यावर काही जिवंत प्रवाळे पाहते आणि ती लंडनला घरी न्यायचे ठरवते. लंडनमध्ये समुद्र नाही. सांगलीतही नाही. म्हणून ही बाई आपल्याला जवळची.

तिने काय केले, ते पाहण्याजोगे आहे. प्रवाळे बरणीच्या तळाशी पडून गुदमरू नयेत म्हणून तिने ती सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचली. चहूबाजूंनी पाणी खेळले पाहिजे, हा हेतू. लंडनला पोचल्यावर समुद्राचे पाणी मोजकेच उरले. ते रोज बदलणे शक्य नव्हते. तेव्हा तिने मोलकरणीकडून उघड्या खिडकीपाशी ते पाणी अर्धा-पाऊण तास ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतवून घ्यायला सुरुवात केली. उकळता चहा निववताना आपण करतो, अगदी तसे. पुढल्या वसंतात तिने समुद्री वनस्पतीही पाण्यात सोडल्या. ती प्रवाळे जवळजवळ तीन वर्षे जगली, वाढली, त्यांना पिले झाली. मधल्या काळात १८४८ साली अप्पासाहेब महाराज वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला. लंडनच्या त्या खोलीत पाणी मात्र रोज ओतले जात होते.

ओतण्याने पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि ते हलते राहते. म्हणून आजही पहिली तपासणी हीच: पाणी प्रवाळाच्या अंगावरून खेळते आहे का? पंपाच्या जाळीत कचरा अडकला, पंपाचे तोंड सरकले, शेजारचे प्रवाळ वाढून वाट अडली, की एका कोपऱ्यातले पाणी मंदावते आणि तिथलेच प्रवाळ आधी मिटते. वीज गेली तर धोका तासांत मोजायचा असतो. २०१९ च्या ऑगस्टातला महापूर ज्यांनी सांगलीत पाहिला, त्यांना वीज नसणे म्हणजे काय ते सांगायला नको. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप ही मोलकरणीच्या हातांची आजची आवृत्ती आहे.

दुसरी तपासणी खारटपणाची. इथे लंडनपेक्षा कृष्णाकाठच अधिक शिकवतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरच्या पेटीतून उन्हाळ्यात पाच लिटर पाणी उडाले, तर उडते ते निव्वळ पाणी. क्षार जिथल्या तिथे राहतात. नवखा माणूस ती तूट खाऱ्या पाण्याने भरतो. म्हणजे प्रत्येक वेळी पावणेदोनशे ग्रॅम मीठ वाढले. दोनदा असे झाले की पाणी दर लिटरला साडेअडतीस ग्रॅमवर जाते आणि प्रवाळ आक्रसते. मिरज-वाळव्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावण्याची गरज नाही. उसाला पाटाने वारेमाप पाणी दिले, जमिनीखालची पातळी वर आली, पाणी मातीतून चढून उन्हाने उडाले आणि वर पांढरा थर उरला. ह्यालाच आपण क्षारपड म्हणतो. काळ्या रानात जी प्रक्रिया वर्षानुवर्षे चालली, ती काचपेटीत पंधरवड्यात घडते. तूट भरायची ती गोड्या पाण्याने, रोज, थोडी थोडी.

पण कोणत्या गोड्या पाण्याने? विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार आणि शेतातून झिरपलेले नायट्रेट असू शकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पाणी उडत राहते, हे सारे पेटीत साठत जाते. म्हणून आरओ यंत्रातून आणि पुढे रेझिनमधून काढलेले पाणीच वापरतात. आणखी एक आपल्याच घरातली चूक: ते पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नये. माणसाला चालणारे तांबे प्रवाळासारख्या कणाहीन जीवाला अत्यल्प प्रमाणातही विष ठरते. माशांच्या कित्येक औषधांतही तांबे असते. मासे बरे होतात, पोवळी जातात.

इंग्लंडात पुढे ह्या छंदाची साथच आली. रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्याने वनस्पती आणि जलचर ह्यांचा तोल कसा राखावा ते १८५० मध्ये मांडले. फिलिप हेन्री गॉस ह्याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ १८५४ साली निघाले, आणि मध्यमवर्गीय कुटुंबे टोपल्या-हातोडे घेऊन किनाऱ्यावर लोटली. खडकांतली डबकी इतकी उजाड झाली की त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड ह्याने दर्शनी टाक्यांखाली कितीतरी मोठा अंधारा, थंड हौद ठेवला आणि पाणी सतत फिरते राखले. आज पेटीखालच्या कपाटात जी दुसरी टाकी असते, तिचा हा पणजोबा.

एवढे होऊनही उष्ण कटिबंधातली, भित्ती बांधणारी प्रवाळे काचेत जगेनात. थिनबाईची जगली होती. का? तिची जात थंड समुद्रातली, शिकारीवर जगणारी, उजेडाची गरज नसलेली होती. भित्तींवरच्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात. कार्ल ब्रांट ह्याने १८८१ साली त्यांना नाव दिले, पण ते भाडेकरू आहेत की अन्नदाते, हा वाद पुढे अर्धशतक चालला. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग ह्यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मोठी मोहीम गेली. उष्णता वाढली किंवा प्रवाळ उपाशी राहिले की ते आपले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते, हे तिथल्या प्रयोगांत दिसले. सिरो कावागुती ह्या जपानी संशोधकाने पलाऊ बेटांवर, आणि १९५० च्या दशकात थॉमस गोरो ह्यांनी जमैकात, उजेडाचे महत्त्व पक्के केले: शैवाल उजेडात अन्न आणि प्राणवायू देतात, आणि त्यामुळे सांगाडाही वेगाने घडतो.

म्हणून रंग वाचायला शिकावे. प्रवाळ तपकिरी, मळकट होत चालले असेल तर उजेड कमी पडतो आहे किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले आहे. पांढरे पडत असेल, पण कातडी शाबूत असेल, तर उजेड एकाएकी वाढला आहे किंवा पाणी तापले आहे. असे प्रवाळ अजून मेलेले नसते आणि सावरू शकते. कातडीच सुटून खाली कोरा सांगाडा उघडा पडत असेल, तर प्रकरण निराळे आणि तातडीचे आहे.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे विशेष. पेटीतले पाणी २५ ते २७ अंशांत राहावे, आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. त्यातल्या त्यात एक सोय अशी की घाटमाथ्याच्या पूर्वेकडची एप्रिलची हवा कोरडी असते. पृष्ठभागावर साधा पंखा लावला तरी पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. दमट कोकणात ही युक्ती तितकी चालत नाही. माठाचेच तत्त्व. पण जितके गार, तितके पाणी उडणार, म्हणजे पुन्हा खारटपणाकडे लक्ष.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची कथा थोडक्यात उरकतो. इंडोनेशियातल्या ली चिन एंग ह्यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक, वाळू, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर चालणारी पेटी जगासमोर ठेवली. नंतर पीटर विल्केन्स, डीट्रिश स्टूबर आदी युरोपीय छांदिष्टांनी त्यात प्रखर दिवे, फेसावाटे घाण काढणारा स्किमर आणि चुन्याचे पाणी ह्यांची भर घातली. हे चुन्याचे पाणी म्हणजे आपली चुन्याची निवळी! लहान मुलांना थेंब-थेंब दिली जाणारी तीच निवळी बर्लिनच्या पेट्यांत दगडी प्रवाळांना कॅल्शियम पुरवीत होती. समुद्रात दर लिटरला सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास. पेटीत ७ ते ९ मधला कोणताही आकडा चालतो. तो आज ७ आणि परवा १० झालेला मात्र चालत नाही. मघाशी म्हटलेली सुटणारी कातडी पुष्कळदा ह्या हेलकाव्याचे फळ असते. निवळी तीव्र असते, म्हणून ती ठिबकत द्यायची. वाटीभर एकदम ओतली की पेटी संपली. बुडाशी साचलेला चुना तर मुळीच घालू नये.

साताऱ्याचा प्रवाळाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो आरमारी आहे. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि सरखेल म्हणून राहिले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला समुद्राखाली एक विस्तीर्ण प्रवाळभूमी आहे. तिचे नाव अँग्रिया बँक, ह्याच आंग्रे घराण्यावरून पडलेले. शिवरायांनी १६६४ मध्ये पाया घातलेल्या सिंधुदुर्गाच्या भोवतीही प्रवाळे वाढतात, आणि १९८७ साली मालवणचा तो समुद्र अभयारण्य झाला. पूर्व किनाऱ्यावर, महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा जिथे सागराला मिळते, तिथे मात्र प्रवाळभित्ती नाहीत. गोडे पाणी आणि गाळ त्यांना सोसत नाही.

मालवणच्या सहलीत खडकावरचा एखादा तुकडा खिशात टाकण्याचा मोह होईल, तर थांबा. भित्ती बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, ते त्यांना. परदेशातून येणाऱ्या दगडी प्रवाळांनाही साइटीस कराराची कागदपत्रे लागतात. विक्रेता कागद दाखवायला कांकू करीत असेल, तर खरेदी तिथेच सोडावी. गॉसच्या काळातली उजाड डबकी इथे पुन्हा व्हायला नकोत.

शेवटचे साधन आपल्या ओळखीचे. जेधे शकावलीत तिथी आणि घटना, एवढेच असते, भाष्य नाही. तशी एक वही पेटीशेजारी ठेवावी: तारीख, तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी, आणि त्या दिवशी काय बदलले. प्रवाळ बिघडले की भीतीपोटी दिवा, मीठ, औषध, जागा असे सारे एकाच दिवशी बदलू नये. मग कशाने गुण आला नि कशाने घात झाला, हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच बदल, आणि आठवडाभर वाट. दरम्यान वही मागे चाळावी. पांढरेपणा दिसला त्याच्या आठ-दहा दिवस आधीच्या पानावर पुष्कळदा एक विसरलेली ओळ सापडते: नवा दिवा लावला, किंवा घरी कुणी नसल्याने चार दिवस पाणी घातले नाही.