चौलच्या पाण्यावरची माउली

रेवदंड्याच्या कोटात सातखणी मनोरा पाहायला पुष्कळ लोक येतात. तो कुणाच्या नावाचा, हे विचारणारा क्वचितच भेटतो. तो संत बार्बराच्या मठाचा. विजेचे भय असणारे आणि तोफा-दारूगोळा हाताळणारे तिचा धावा करत. चित्रांत तिची खूणही मनोराच! १९६९ मध्ये रोमने आपल्या सार्वत्रिक पंचांगातून तिचे नाव वगळले. रेवदंड्याचा मनोरा मात्र पडका का होईना, उभा आहे.

याच कोटातले मुख्य चर्च समुद्रमातेचे, म्हणजे मरीयेचे होते. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईत आजही चर्च आहे, तेही तिचेच. तिथे ती कार्मेल पर्वताची माता. मूळ कार्मेल पर्वत भूमध्य समुद्राच्या काठावर आहे आणि तिथल्या मठाचे नाव ‘स्टेला मारिस’, म्हणजे सागरतारा. तिचा सण १६ जुलैला येतो. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात.

मरीया ही वेष पालटलेली एकवीराच, असे आपल्याकडे हौसेने लिहिले जाते. मला ते पटत नाही. समुद्रमाता हे नाव पोर्तुगीज खलाशी घरून घेऊन आले होते. वादळाचे भय त्यांनाही होतेच. कोळ्याला ती परकी वाटली नाही, कारण दोघांचे मागणे एक होते. वांद्र्याच्या ‘मोत माउली’त हे ऐकू येते: ‘मोत’ म्हणजे पोर्तुगीज ‘मोंत’, डोंगर, ‘माउली’ आपली. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला तर गोव्यातले हिंदू शिरगावच्या लईराईची बहीण मानतात.

धर्मशास्त्राला हे अडचणीचे. इ.स. ४३१ च्या इफिससच्या परिषदेने मरीयेला ‘देवमाता’ म्हटले, पण देवी म्हटले नाही. आराधना फक्त देवाची, तिला विशेष वंदन, अशी रेघ चर्चने काटेकोर आखली आहे. नवस बोलणाऱ्या बाईला ती रेघ कितपत दिसते? माझ्या मते तिला तिची गरजही नसते. आईने लेकाकडे शब्द टाकावा, एवढीच तिची अपेक्षा, आणि ती चर्चच्या शिकवणुकीतही बसते.

१७४० च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले. सत्ता गेल्यावर हा धर्म इथून उठून जायला हवा होता, जर तो केवळ सत्तेचा असता. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि नवी पिढी मराठीकडे वळलेली. चर्चमधली प्रार्थनाही आता मराठीतच होते.