दोरीवरचं कणीस

इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात ज्वारीचा पीक कापणी प्रयोग पाहताना माझं लक्ष दोरीवरच्या ताटांकडे जातं. ती आत धरायची की बाहेर?

या प्रश्नाचं मोल ओळखलं ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी. लंडनहून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेल्या सुखात्म्यांनी १९४६ च्या सुमारास दाखवलं, की प्लॉट लहान असला की काठावरची ताटं आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. आज पीकविम्याची भरपाई मंडळाच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. फुगलेल्या आकड्याची किंमत बारामती-इंदापूरचा शेतकरी मोजतो.

१९५१ ते १९७० ते रोमला अन्न व शेती संघटनेत होते. पुढे पुण्यात पोषणाचा अभ्यास केला. १९७१ मध्ये दांडेकर-रथ यांनी २,२५० उष्मांकांवर दारिद्र्याची रेषा आखली. निरोगी माणसाची गरजही रोज बदलते, सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी नसतो, असं सुखात्म्यांचं म्हणणं. यातून खरा उपाशीच मोजणीतून निसटेल, ही विरोधकांची धास्ती.

मला दोन्ही बाजू पटतात. दोरी आखणाऱ्यानं काठावर कोण उभं आहे, हे आधी पाहावं.