खंडा व फिरंग

दख्खनमधील सरळ पात्याच्या तलवारींचे दोन प्रकार. खंड्याचे पाते रुंद, बहुधा दुधारी आणि टोकाकडे अधिक रुंद होत गेलेले असते. टोक बोथट असल्याने ते भोसकण्यापेक्षा तोडण्यास योग्य ठरते. पात्याच्या कडांना पोलादी पट्ट्या जडवून त्यास ताठपणा आणीत. फिरंगेचे पाते तुलनेने अरुंद व लांब (सु. ९० सेंमी.) असते. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा जिंकल्यानंतर युरोपीय पात्यांची आवक वाढली. त्यावरून ‘फिरंग’ हे नाव रूढ झाले. पुढे तशी पाती येथेही घडू लागली.

दोहोंची मूठ सारखीच असते. बोटांचे रक्षण करणारी रुंद परज, आतून गादी, मागे वाटोळी कटोरी आणि तीतून निघालेला लांब गज हे तिचे मुख्य भाग. हा गज केवळ शोभेसाठी नव्हता. एरवी उजव्या हातात तलवार व डाव्या हातात ढाल किंवा घोड्याचा लगाम असे. परंतु जोरदार घाव घालताना डाव्या हाताने गज धरून दोन्ही हातांचे बळ लावता येई. एकहाती शस्त्रास प्रसंगी दुहाती करण्याची ही सोय होती.

चीनमध्ये याच प्रश्नाचे वेगळे उत्तर सापडते. मिंग सेनानी ची जिग्वांग (१५२८–८८) याने जपानी चाच्यांच्या लांब तलवारींवरून दुहाती ‘छांगदाव’ सैन्यात आणली. त्याने दिलेल्या मापांनुसार पाते ५ छृ व मूठ १·५ छृ, म्हणजे एकूण लांबी सु. २ मी. होती. लांब मुठीमुळे पाते वेगाने फिरविता येई. मात्र दोन्ही हात गुंतल्याने ढाल वापरता येत नसे. दख्खनी मुठीत ढाल वा लगाम सोडण्याचा निर्णय ऐन वेळी घेता येई.

सोलापूर हे आदिलशाही व निजामशाही यांच्या सरहद्दीवरील ठाणे. १५२४ मधील विवाहसंबंधात हुंडा म्हणून कबूल झालेला येथील किल्ला न दिला गेल्याने दोन्ही राज्यांत दीर्घकाळ युद्धे झाली. अशा घोडदळप्रधान लढायांत मोकळ्या डाव्या हाताचे मोल मोठे होते.

१८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्यानंतर ही शस्त्रे व्यवहारातून मागे पडली. खंडेनवमीच्या शस्त्रपूजनात व खंडोबाच्या उपासनेत मात्र त्यांचे स्थान टिकून आहे. जेजुरीस दसऱ्याला उचलला जाणारा अवजड खंडा हा देवकार्याचा आहे; त्यावरून रणातील खंड्याच्या वजनाची कल्पना करणे योग्य नव्हे. जुन्या पात्यास नवी मूठ बसविण्याची चाल असल्याने केवळ मुठीवरून तलवारीचा काळ ठरविता येत नाही. तसेच पात्याच्या मूळ देशावरून तलवार परकी ठरत नाही. शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी, १८७५–७६ च्या भारतभेटीत इंग्लंडच्या युवराजास दिलेली ‘जगदंबा’ तलवार हिचे पाते युरोपीय, तर मूठ भारतीय घडणीची आहे.