पक्षाघात : हाताच्या पुनर्वसनासाठी संगणकीय खेळ

पक्षाघाताने दुबळा झालेला हात पुन्हा वापरता यावा म्हणून पडद्यावरील खेळांचा उपचारात केलेला वापर. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की तेथील पेशी मरतात आणि त्यांच्या ताब्यातली हालचाल जाते. शाबूत भाग ते काम काही अंशी उचलतो. पण त्यासाठी तीच हालचाल पुनःपुन्हा करावी लागते. प्राण्यांवरील प्रयोगांत दिवसाला शेकडो आवर्तने करून घेतली जातात. याउलट, कॅथरीन लँग व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिका-कॅनडातील उपचारसत्रांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा हाताच्या उपयुक्त हालचालींची सरासरी सत्रामागे ३२ निघाली. खेळांची खरी गरज या तफावतीत आहे. कंटाळा न येता हात अधिक वेळा हलावा, एवढ्यासाठी ते हवेत.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत नेव्हिल होगन व हर्मानो इगो क्रेब्स यांनी घडवलेल्या एमआयटी-मॅनस या यंत्रमानवात रुग्णाचा हात यंत्राच्या बाहूला बांधतात. पडद्यावरील लक्ष्याकडे हात नेताना रुग्ण कमी पडला तर यंत्र त्याला साहाय्य करते. पुढे निन्टेन्डो वी (२००६) आणि मायक्रोसॉफ्ट किनेक्ट (२०१०) ही घरगुती साधने आली व हा उपचार स्वस्त झाला. मात्र ती धडधाकट माणसांसाठी बनलेली होती. बोटांत जोर नसलेल्याला वीचा रिमोट धरवत नाही. किनेक्टला हातात काही धरावे लागत नाही, पण बाजारी खेळांचा वेग रुग्णाला झेपत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे कोपर सरळ न करता, धड पुढे झुकवूनही गुण मिळतात. मग रुग्ण जिंकतो, पण हात आहे तिथेच राहतो. म्हणून शेजारी जाणता फिजिओथेरपिस्ट असणे आवश्यक ठरते.

गुस्ताव्हो सापोस्निक यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत (२०१६) चार देशांतील १४१ रुग्णांपैकी काहींना वी, तर काहींना पत्ते, बिंगो, जेंगा असे साधे खेळ देण्यात आले. दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या होत्या. नेहमीच्या उपचारांऐवजी आभासी खेळ दिल्यास हाताला विशेष जास्त लाभ दिसला नाही. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून दिल्यास, म्हणजे सरावाचा एकूण वेळ वाढल्यास, मात्र दिसला.

यावरून महागड्या उपकरणासाठी कर्ज काढण्याचे कारण दिसत नाही. पत्त्यांचा जोडही चालतो, फक्त दुबळ्या हाताने आणि रोज खेळायला हवे. खांदा दुखू लागल्यास खेळ थांबवून उपचारकांना दाखवावे.